मेलेला हृदयस्नायू परत येईल का? नॉन-कोडिंग आरएनएवरील संशोधनाचा आढावा

हार्ट अटॅकमध्ये बंद पडलेली रक्तवाहिनी उघडण्याची सोय आज अनेक जिल्ह्यांच्या ठिकाणीही झाली आहे. अँजिओप्लास्टी वेळेवर झाली तर धोक्यात आलेला बराचसा स्नायू वाचतो. पण रक्ताअभावी जो स्नायू मेला, तो परत आणणारे औषध अजून कोणत्याही रुग्णालयात नाही. माणसाच्या हृदयात सुमारे तीन अब्ज स्नायूपेशी असतात आणि मोठ्या झटक्यात त्यांतल्या अब्जभर काही तासांत मरू शकतात. त्यांच्या जागी व्रण तयार होतो. व्रणामुळे हृदयाची भिंत फुटत नाही, एवढे त्याचे उपकार. पण तो आकुंचन पावत नाही. उरलेल्या स्नायूवर भार येतो, हृदय ताणत जाते आणि काही वर्षांनी रुग्ण हार्ट फेल्युअरच्या उपचारांवर येतो. त्या गोळ्यांनी आयुष्य वाढते, दमही कमी लागतो, मात्र स्नायूची एक पेशीही नव्याने तयार होत नाही.

हा प्रश्न आपल्याकडे अधिक टोचणारा आहे. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातील रुग्णांचे पहिल्या झटक्याच्या वेळचे सरासरी वय ५३ होते, तर इतर देशांत ते जवळजवळ ५९ होते. म्हणजे व्रण घेऊन जगण्याची वर्षे आपल्या रुग्णांच्या वाट्याला जास्त येतात.

ज्या आरएनएपासून प्रथिन बनत नाही असे नॉन-कोडिंग आरएनए वापरून हृदयाच्या स्नायूपेशींना पुन्हा विभाजित व्हायला लावता येईल का, यावर गेल्या पंधरा वर्षांत खूप काम झाले. त्याचा आढावा घेताना माझे मत आधीच सांगतो. प्राण्यांच्या हृदयातील पेशींना विभाजनाकडे ढकलता येते, हे आता पुरेसे दिसले आहे. खरा वाद पुढे सरकला आहे: सुरू केलेले विभाजन वेळेवर थांबवायचे कसे, आणि नवी पेशी खरोखर ठोके देणारा स्नायू होते का?

हृदय स्वतःला दुरुस्त करते का?

विसाव्या शतकाचा बराच काळ पाठ्यपुस्तकांत असे शिकवले जात होते की, जन्मतः मिळालेल्या हृदयपेशींवरच माणूस आयुष्य काढतो. या समजुतीची सर्वांत सुंदर तपासणी स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये योनास फ्रिसेन यांच्या गटाने केली. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून १९६३ च्या करारापर्यंत उघड्यावर अणुचाचण्या होत होत्या. त्यामुळे हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले आणि करारानंतर ते हळूहळू उतरत गेले. वनस्पतींनी तो कार्बन घेतला, अन्नातून तो माणसात आला, आणि ज्या वर्षी एखाद्या पेशीचा डीएनए तयार झाला त्या वर्षाची खूण त्या डीएनएत राहिली. मृत व्यक्तींच्या हृदयातील स्नायूपेशींची केंद्रके वेगळी काढून या गटाने ती खूण मोजली. अणुचाचण्यांच्या आधी जन्मलेल्या माणसांच्या हृदयातही नंतरच्या काळातला कार्बन सापडला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेले उत्तर असे: पंचविशीत वर्षाला सुमारे एक टक्का स्नायूपेशी बदलतात, पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. दुरुस्ती होते, पण अब्ज पेशींची तूट भरून काढण्याइतकी नाही.

त्याच सुमारास दुसरा दावा जोरात होता. हृदयात मूळ पेशींचा साठा आहे, त्यांतून नवा स्नायू उभा राहतो, असे पिएरो अँव्हर्सा यांच्या गटाचे म्हणणे होते. त्यावर आधारलेल्या चाचण्या माणसांवरही झाल्या. इतर प्रयोगशाळांना ते निष्कर्ष मिळेनात. अखेर २०१८ मध्ये हार्वर्ड मेडिकल स्कूल आणि ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटल यांनी या गटाचे ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत अशी शिफारस केली. या प्रकरणाने क्षेत्राचा विश्वास हलला, आणि आजही हृदयाच्या पुनर्जननाचा कोणताही दावा आला की पहिला प्रश्न ‘दुसऱ्या कोणी करून पाहिले का?’ हाच असतो. तो प्रश्न योग्यच आहे.

मूळ पेशींचा मार्ग बंद होत असताना दुसरा उघडत होता. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील ओढ्यांत, भातखाचरांत राहणारा झेब्राफिश हा बोटभरही नसलेला मासा. २००२ मध्ये केनेथ पॉस आणि सहकाऱ्यांनी त्याच्या हृदयकप्प्याचा सुमारे पाचवा भाग कापला. दोन महिन्यांत तो भाग व्रणाशिवाय परत आला. नवा स्नायू शिल्लक राहिलेल्या स्नायूपेशींच्याच विभाजनातून आला, हे २०१० मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवले. (या माशाच्या हृदयावर पुण्यातही काम चालते: आघारकर संशोधन संस्थेतील गटाने इजा झाल्यावर पेशींभोवतीच्या जाळीत वाढणारे एक प्रथिन दुरुस्तीला कशी मदत करते, याचा अभ्यास केला आहे.)

पुढचा धक्का सस्तन प्राण्यांतून आला. २०११ मध्ये डॅलस येथे एन्झो पोरेलो, हेशाम सादेक व एरिक ओल्सन यांनी एक दिवसाच्या उंदराच्या पिल्लाच्या हृदयाचे टोक कापले आणि तीन आठवड्यांत ते भरून आले. हाच प्रयोग सातव्या दिवशी केला, तर व्रण राहिला. या निष्कर्षालाही आव्हान मिळाले. २०१४ मध्ये एका गटाने आपल्याला नवजात उंदरांत पूर्ण भरपाई दिसली नाही असे लिहिले. त्यावर किती ऊती कापली, कशी कापली, यावरून बराच खल झाला. पुढे इतर प्रयोगशाळांनी आणि नवजात डुकरांवरच्या प्रयोगांनी मूळ कल्पनेला बळ दिले. डुकरांत ही मुभा जन्मानंतर अवघी दोन-तीन दिवस टिकते. एकूण कल असा की, जन्मताच सस्तन प्राण्याच्या हृदयाकडे ही क्षमता असते आणि काही दिवसांत ती बंद पडते. मग ती बंद कोण करते? नॉन-कोडिंग आरएनए या शोधात इथे शिरले.

हे आरएनए म्हणजे काय

आपल्या जनुकसंचातील दोन टक्क्यांहूनही कमी भाग प्रथिनांचा पाठ सांगतो. उरलेल्यातील बराच भाग आरएनएत उतरवला जातो; त्यातला किती कामाचा आणि किती निव्वळ पेशीच्या ढिलेपणाचा परिणाम, यावर तज्ज्ञांत अजून मतभेद आहेत.

हृदयाच्या संदर्भात तीन गट येतात. मायक्रो-आरएनए हे साधारण बावीस अक्षरांचे तुकडे. ते प्रथिनाचा निरोप नेणाऱ्या आरएनएला चिकटतात आणि त्या प्रथिनाची निर्मिती कमी करतात. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांनी १९९३ मध्ये एका सूक्ष्म कृमीत त्यांचा माग काढला आणि २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. दुसरा गट दीर्घ नॉन-कोडिंग आरएनएंचा: दोनशे अक्षरांहून लांब, आणि कामाच्या पद्धती अनेक. काही जनुकांवर रासायनिक खुणा करणाऱ्या प्रथिनांना नेमक्या जागी नेतात, काही प्रथिनांना धरून ठेवतात. तिसरा गट गोलाकार आरएनएंचा. त्यांची दोन्ही टोके जोडलेली असल्याने ते लवकर झिजत नाहीत.

पुनर्जननासाठी मायक्रो-आरएनएचे आकर्षण समजण्यासारखे आहे. एक मायक्रो-आरएनए शेकडो जनुकांवर थोडाथोडा दाब टाकतो. विभाजनासाठी पेशीला एकाच वेळी अनेक गोष्टी बदलाव्या लागतात, आणि अशा कामाला एका प्रथिनापेक्षा असा दाब सोयीचा पडतो. शिवाय हे तुकडे लहान आहेत. ते प्रयोगशाळेत जोडता येतात आणि त्यांना अडवणारे उलट तुकडेही बनवता येतात. मात्र शेकडो लक्ष्यांवर काम करणारी गोष्ट नको तिथेही काम करणार, हे त्या आकर्षणाबरोबरच येते.

ब्रेक

सर्वांत भक्कम पुरावा विभाजन अडवणाऱ्या मायक्रो-आरएनएंचा आहे. डॅलसच्याच गटाने नवजात उंदरांच्या हृदयात पहिल्या दहा दिवसांत कोणते मायक्रो-आरएनए वाढतात ते पाहिले. सर्वांत ठळक वाढ मिर-१५ कुटुंबातील मिर-१९५ ची होती. हा आरएनए गर्भाच्या हृदयात आधीच वाढवला तर पेशींचे विभाजन कमी झाले आणि हृदयात जन्मजात दोष आले. उलट, जन्मानंतर या कुटुंबाला अडवणारे तुकडे दिले, तर पुढे प्रौढ वयात झटका दिल्यावर त्या उंदरांच्या हृदयाचे काम अधिक चांगले राहिले. आरएनए वाढवला की बिघाड आणि दाबला की सुधार, असा दोन्ही बाजूंनी जुळणारा पुरावा या क्षेत्रात दुर्मिळ आहे.

मिर-१३३ ची गोष्टही अशीच. इजा झालेल्या झेब्राफिशच्या हृदयात त्याचे प्रमाण उतरते आणि कृत्रिमरीत्या ते वाढवले की दुरुस्ती अडते. उंदरात या आरएनएची दोन्ही जनुके काढली तर स्नायूपेशी वाजवीपेक्षा जास्त विभाजित होतात, पण त्या उंदरांपैकी अनेक पिल्ले हृदयाच्या पडद्यातील छिद्रामुळे दगावतात. म्हणजे हा ब्रेक उगाच बसवलेला नाही. हृदयाच्या घडणीला तो लागतो. वयाबरोबर वाढणारा मिर-३४ए आणि लेट-७ हे कुटुंबही याच यादीत येतात. लेट-७ व मिर-९९/१०० यांना दाबून प्रौढ उंदराच्या हृदयपेशींना पुन्हा कोवळ्या अवस्थेकडे नेता येते, असे २०१४ मध्ये हुआन कार्लोस इझपिसुआ बेलमोंटे यांच्या गटाने मांडले. माशाच्या दुरुस्तीत जे घडते तेच सस्तन प्राण्यातही दडलेले असते आणि ते उघडता येते, हा त्यांचा मुद्दा होता.

त्रिएस्तेचा शोध

इटलीतील त्रिएस्ते येथे आंतरराष्ट्रीय जनुक अभियांत्रिकी व जैवतंत्रज्ञान केंद्र आहे. त्याची एक शाखा नवी दिल्लीत आहे. त्रिएस्तेत मौरो जाक्का यांच्या गटाने प्रश्न उलटा विचारला: ब्रेक शोधण्यापेक्षा, विभाजन सुरू करणारे आरएनए कोणते हे सरळ मोजून का पाहू नये? नवजात उंदीरजातीच्या प्राण्यांच्या हृदयपेशी छोट्या खळग्यांत वाढवून प्रत्येक खळग्यात एकेक मानवी मायक्रो-आरएनए घातला. असे ८७५ आरएनए तपासले. यंत्रचलित सूक्ष्मदर्शकाने पाहिले तेव्हा २०४ आरएनएंनी विभाजनाची चिन्हे दुपटीहून अधिक वाढवली होती. यातून मिर-५९० आणि मिर-१९९ए हे दोन निवडून, झटका दिलेल्या उंदरांच्या हृदयात विषाणूच्या कवचातून सोडले. दोन महिन्यांनी व्रण लहान झाला होता आणि हृदयाचे काम जवळजवळ पूर्वपदावर आले होते. २०१२ मध्ये ‘नेचर’मध्ये हे आले आणि अनेक प्रयोगशाळांनी आपली दिशा बदलली.

त्यानंतर मिर-१७-९२ आणि मिर-३०२-३६७ या समूहांविषयीही असेच निष्कर्ष आले. या शोधांतून एक समान धागा दिसू लागला. वेगवेगळे मायक्रो-आरएनए वेगवेगळ्या जागी दाब टाकत असले, तरी बहुतेकांचा परिणाम ‘हिप्पो’ नावाच्या संदेशसाखळीवर होतो. अवयवाचा आकार मर्यादेत ठेवणारी ही साखळी सैल झाली की ‘याप’ हे प्रथिन केंद्रकात जाते आणि विभाजनाची जनुके जागी होतात. मानवी मूळ पेशींपासून बनवलेल्या हृदयपेशींवर २०१८ मध्ये झालेल्या अशाच चाचणीतूनही बोट याच साखळीकडे गेले. दोन गट, दोन जातींच्या पेशी आणि एकच निष्कर्ष, हे मला या क्षेत्रातील आश्वासक चिन्ह वाटते.

मात्र दोन्ही चाचण्यांच्या पेशी कोवळ्या होत्या, हे विसरता येत नाही. नवजात उंदराची पेशी नुकतीच विभाजन थांबवण्याच्या बेतात असते आणि मूळ पेशीपासून बनवलेली मानवी पेशी गर्भातील पेशीसारखी असते. साठ वर्षे ठोके दिलेली पेशी या धक्क्याला तसाच प्रतिसाद देईल, हे त्यावरून ठरत नाही.

डुकरांवरचा प्रयोग

या साऱ्या चर्चेचा कणा म्हणजे २०१९ मध्ये ‘नेचर’मध्येच आलेला प्रयोग. पिसाचे फाबिओ रेक्किया आणि जाक्का यांच्या गटांनी तो केला. डुकराचे हृदय आकाराने, ठोक्यांच्या वेगाने आणि रक्तवाहिन्यांच्या रचनेने माणसाच्या हृदयाजवळ जाते. त्यांनी डुकरांच्या हृदयाची मुख्य रक्तवाहिनी दीड तास बंद ठेवून उघडली, म्हणजे रुग्णाला उशिरा अँजिओप्लास्टी मिळावी तशी स्थिती तयार केली. मग मेलेल्या भागाच्या कडेला मिर-१९९ए वाहणारा विषाणू टोचला आणि एमआरआयने हृदय पाहत राहिले.

महिन्याभरात व्रण स्पष्टपणे लहान झाला. आकुंचन सुधारले, स्नायूचे वजन वाढले, पेशींत विभाजनाची चिन्हे दिसली. मोठ्या सस्तन प्राण्यात, झटक्यानंतर, एका नॉन-कोडिंग आरएनएने हे घडवले होते. पण विषाणूने दिलेला आरएनए थांबत नव्हता. पेशी तो बनवतच राहिल्या. पुढच्या आठवड्यांत उपचार मिळालेली बहुतेक डुकरे अचानक, ठोक्यांची लय बिघडून मेली. हृदय उघडले तेव्हा स्नायूत अर्धवट घडलेल्या, विभाजित होत राहिलेल्या पेशींचे पुंजके सापडले. ते शेजारच्या पेशींशी विद्युत संदेशांच्या तालात नव्हते.

एकाच शोधनिबंधातून दोन तटांनी दोन अर्थ काढले आणि दोघांनाही आधार आहे. एका बाजूचे म्हणणे: तत्त्व सिद्ध झाले, फक्त मात्रा आणि कालावधी चुकला. त्यांच्याकडे पुरावाही आहे. फिलाडेल्फियात एडवर्ड मॉरिसी यांच्या गटाने मिर-३०२-३६७ उंदरात सतत चालू ठेवला तेव्हा पेशी कोवळ्या होत गेल्या आणि हृदय निकामी झाले. तोच आरएनए कृत्रिम तुकड्यांच्या रूपात थोडे दिवस दिला तेव्हा दुरुस्ती झाली, हानी झाली नाही. जाक्का यांच्या गटानेही नंतर उंदराच्या हृदयात कृत्रिम मायक्रो-आरएनएचा एकच डोस टोचून लाभ दाखवला.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे: ठोके देत असलेल्या हृदयात विभाजन म्हणजेच धोका. विभाजित होण्यासाठी स्नायूपेशीला आपल्या आकुंचनाच्या दोऱ्या सोडाव्या लागतात आणि शेजाऱ्यांशी असलेले विद्युत सांधे सैल करावे लागतात. तेवढा काळ ती पेशी लयीबाहेर असते. अशा लाखो पेशी एकाच वेळी लयीबाहेर गेल्या तर अतालता, म्हणजे ठोक्यांच्या लयीतला बिघाड, येणारच, मग आरएनए किती दिवस दिला हा प्रश्न दुय्यम. मूळ पेशींपासून वाढवलेला स्नायू माकडांच्या हृदयात टोचणाऱ्या चार्ल्स मरी यांच्या गटालाही २०१४ मध्ये अतालता दिसली होती, हे या बाजूचे लोक आवर्जून दाखवतात.

माझा कल पहिल्या बाजूकडे आहे, पण एका अटीवर: थोड्या दिवसांचा डोस सुरक्षित आहे हे उंदरात पुरेसे सिद्ध होत नाही. उंदराचे हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे ठोके देते आणि त्याच्या इतक्याशा स्नायूत घातक अतालता सहज टिकत नाही. डुकरात जे दिसले ते उंदरात दिसले नव्हते, याचे हे एक संभाव्य कारण आहे.

दीर्घ आणि गोलाकार आरएनए

मायक्रो-आरएनएच्या तुलनेत इथला पुरावा विरळ आहे. गर्भात हृदय घडताना ‘ब्रेव्हहार्ट’ आणि ‘फेंडर’ हे दीर्घ आरएनए लागतात, असे २०१३ मध्ये उंदरांतून कळले. पुनर्जननाशी थेट जोडलेल्यांत ‘सीपीआर’ हा आरएनए लक्षवेधी आहे: तो डीएनएच्या प्रतीकरणाला लागणाऱ्या एका जनुकावर मिथाइल खुणा घडवून ते गप्प करतो, आणि तो काढला की प्रौढ उंदरात स्नायूपेशींचे विभाजन वाढते. गोलाकारांपैकी ‘सर्क-एनफिक्स’ कमी केल्यावर विभाजन वाढल्याचे २०१९ मध्ये आले. अशा आरएनएंची यादी आता लांब झाली आहे. त्यांतले बरेच एकेका गटाने, उंदरात, एकदाच दाखवलेले आहेत.

अडचणी तीन आहेत आणि त्या परस्परांत गुंतलेल्या आहेत. मायक्रो-आरएनए माशापासून माणसापर्यंत बहुतांशी तेच राहतात, पण दीर्घ आरएनए जातीगणिक बदलतात. ब्रेव्हहार्टची प्रतिकृती माणसात मिळालेली नाही. दुसरी अडचण म्हणजे अनेक निबंधांत दीर्घ वा गोलाकार आरएनए मायक्रो-आरएनएला शोषून घेतो आणि त्यामुळे परिणाम होतो, असे स्पष्टीकरण दिलेले असते. पेशीत त्या मायक्रो-आरएनएच्या लक्ष्यांची संख्या प्रचंड असते आणि एका शोषक आरएनएच्या मोजक्या प्रतींनी फरक पडणे अवघड, असे संख्यात्मक मोजणी करणाऱ्यांनी २०१४ पासून दाखवले आहे. माझ्या मते हे स्पष्टीकरण आता प्रतींची मोजणी दिल्याशिवाय स्वीकारू नये.

तिसरी अडचण गटाच्या नावाशीच भिडते. ‘ड्वॉर्फ’ हे कॅल्शियम हाताळणारे छोटे प्रथिन २०१६ मध्ये ज्या आरएनएत सापडले, तो तोवर नॉन-कोडिंग समजला जात होता. मानवी हृदयातील प्रथिननिर्मितीचा २०१९ मध्ये झालेला मोठा अभ्यासही सांगतो की, अशा अनेक आरएनएंतून लहान प्रथिने बनतात. त्यामुळे एखादा दीर्घ आरएनए काढल्यावर दिसलेला परिणाम आरएनएचा की त्यात दडलेल्या प्रथिनाचा, हे प्रत्येक वेळी वेगळे तपासावे लागते.

नवी पेशी मोजायची कशी

या क्षेत्रातले निम्मे वाद इथे येऊन थांबतात. प्रौढ हृदयपेशी डीएनए दुप्पट करू शकते, केंद्रकही दुभंगू शकते, पण पेशी दोन होत नाही. उंदराच्या बहुतेक प्रौढ हृदयपेशींत दोन केंद्रके असतात. माणसाच्या बहुतेक पेशींत केंद्रक एकच, पण त्यात गुणसूत्रांचे संच वाढलेले. म्हणून डीएनएत रंगीत खूण शिरली किंवा केआय-६७ हे प्रथिन दिसले, एवढ्यावरून नवी पेशी झाली असे म्हणता येत नाही. ऑरोरा-बी हे प्रथिन पेशी तुटताना मधोमध दिसते, म्हणून ते अधिक विश्वासार्ह मानले गेले. पण नुसतीच दोन केंद्रके होणाऱ्या पेशीतही ते दिसते. फरक त्याच्या नेमक्या जागेत असतो आणि तो डोळ्यांनी ठरवावा लागतो. त्यात हृदयाच्या पातळ कापात स्नायूपेशीला चिकटून फायब्रोब्लास्ट आणि रक्तवाहिन्यांच्या पेशी असतात. त्यांचे विभाजित होणारे केंद्रक स्नायूपेशीचे समजले जाणे अगदी सोपे.

याहून कडक पद्धती आहेत. जनुकीय युक्तीने अशी सोय करता येते की, पेशी पूर्ण दुभंगली तरच तिच्या दोन लेकी वेगवेगळ्या रंगांच्या होतात. या पद्धतीने मोजले की नव्या पेशींचे आकडे बहुधा खाली येतात. मग हृदयाचे काम एवढे कसे सुधारले? आरएनएमुळे कमी पेशी मेल्या असतील, व्रणातील तंतू कमी झाले असतील, बारीक रक्तवाहिन्या वाढल्या असतील. रुग्णाच्या दृष्टीने यातला कोणताही लाभ चांगलाच. मात्र पुनर्जननाचे औषध म्हणून मात्रा ठरवायची, तर लाभ कुठून आला हे कळलेच पाहिजे.

औषधाकडे

विषाणूच्या कवचाने आरएनए दीर्घकाळ बनतो आणि डुकरांचा अनुभव पाहता तोच त्याचा दोष ठरला. कृत्रिम तुकडे काही दिवसांत संपतात, पण रक्तातून दिले तर बहुतेक यकृतात जातात. हृदयात पोचवायला थेट टोचावे लागते किंवा जेलमध्ये मिसळून बसवावे लागते. आणखी एक धडा कर्करोगाच्या क्षेत्रातून आला. मिर-३४ए ची नक्कल असलेल्या एका औषधाची पहिली मानवी चाचणी गंभीर प्रतिकारशक्तीजन्य दुष्परिणामांमुळे २०१६ मध्ये थांबवावी लागली. शिवाय विभाजन वाढवणारे काही आरएनए, मिर-१७-९२ तर खासच, लिम्फोमासारख्या कर्करोगांतून ओळखीचे झालेले आहेत. हृदयात कर्करोग विरळा, पण यकृतात गळलेला अंश तिथे काय करील ही भीती रास्त आहे.

हार्ट फेल्युअरच्या रुग्णांत मायक्रो-आरएनएवरचे औषध पोचलेही आहे. हॅनोव्हरच्या थॉमस थुम यांच्या कामातून आलेला, मिर-१३२ ला अडवणारा तुकडा २८ रुग्णांत देऊन पाहिला गेला; २०२१ मध्ये त्याची सुरक्षितता समाधानकारक असल्याचे प्रसिद्ध झाले आणि पुढच्या टप्प्याची चाचणी सुरू झाली. पण त्याचा उद्देश स्नायूची घातक वाढ व ताण थांबवणे हा आहे, नव्या पेशी घडवणे हा नाही. वर्तमानपत्री बातम्यांत या दोन गोष्टींची गल्लत होते आणि ती रुग्णांना फसवी आशा देते.

स्पर्धक मार्गही पुढे जात आहेत. टेक्सासमध्ये जेम्स मार्टिन यांच्या गटाने हिप्पो साखळीतील एक जनुक दाबून डुकरांच्या हृदयाचे काम सुधारले आणि घातक अतालता दिसली नाही असे २०२१ मध्ये कळवले. विशेष म्हणजे त्यांनी वापरलेला विषाणूही दीर्घकाळ टिकणाराच होता. मग मिर-१९९ए च्या वेळी मृत्यू का आले: कालावधीमुळे, त्या आरएनएच्या इतर शेकडो लक्ष्यांमुळे, की विभाजनाच्या वेगामुळे? दोन्ही उपचार एकाच प्रयोगशाळेत, सारख्याच डुकरांत, शेजारी शेजारी तपासले तर उत्तर मिळेल. जर्मनीत गटिंगेनच्या वोल्फ्राम झिमरमान यांच्या गटाने प्रयोगशाळेत विणलेले स्नायूचे ठिगळ रुग्णाच्या हृदयावर बसवल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. तो मार्ग हृदयातल्या पेशींना हातच लावत नाही.

मायक्रो-आरएनएची पहिली पुनर्जनन-चाचणी माणसांवर करायची झाली, तर रुग्ण कोणता घ्यायचा हा प्रश्न मला सर्वांत कठीण वाटतो. नुकताच झटका आलेल्या आणि स्टेंट बसलेल्या माणसाची आजची वाट बरी असते. त्याच्या हृदयात अतालतेची शक्यता असलेले काही सोडायचे, तर आधी डुकरांत महिनोन् महिने ईसीजीची अखंड नोंद हवी. ज्याच्याकडे गमावण्यासारखे फार उरलेले नाही असा रुग्ण म्हणजे जुना व्रण आणि ताणलेले हृदय असलेला. पण वर सांगितलेले प्रयोग बहुतांशी ताज्या इजेवर झाले आहेत. उपचार झटक्याबरोबर किंवा त्यानंतर लगेच दिला गेला. दहा वर्षांच्या घट्ट व्रणात, जिथे मेलेल्या भागाच्या कडेलाही जिवंत पेशी थोड्याच उरल्या आहेत, तिथे हे आरएनए काय करतात याचा पुरावा फारच थोडा आहे. हार्ट फेल्युअरच्या बाह्यरुग्ण विभागात मात्र बसलेले असतात ते बहुतेक हेच रुग्ण.